बाटली खाली घ्या
“बाटली खाली घ्या! किडनीत प्रेशर वाढून राह्यलं!” डॉक्टर अख्ख्या यवतमाळला ऐकू जाईल असे ओरडले. मुतखडा फोडायला दुर्बीण आत, वरून पाणी चालू. मी कंबरेखाली बधिर, पण कान जागे. खडा स्वच्छ दिसावा म्हणून कंपाउंडरनं पाण्याची बाटली पार पंख्याला टेकवली होती! माझं डोकंच सणकलं. त्याच हंगामात माझा कडकडीत वाळलेला कापूस खरेदी केंद्रानं ओला म्हणून परत धाडला होता, आणि इथं हे मलेच भिजवून राह्यले! “माही किडनी हाय का फवाऱ्याचा पंप?” मी गरजलो. आजही पंप हापसताना तो संताप हातात उतरतो. मला टेबलावरून उतरवत होते तेव्हा मी डॉक्टरांना झापलं, “काहून बोंबलता जी? भेवानं जीव गेला असता! अन् किडनी फुटली असती तं?” हातमोजे काढत ते म्हणाले, “म्हणूनच ओरडलो.”