शेवंताबाईंची डावी बाजू

शेवंताबाई कुठेही गेल्या तरी आधी डाव्या हाताची भिंत शोधत. आमच्याकडे चहाला आल्या की पाट कोपऱ्यात ओढून डावा खांदा भिंतीला टेकवीत आणि मगच कप हातात घेत. भिंत नसेल तर धान्याची कोठी चाले. तीही नसेल तर उभ्याच राहत. माझी बायको कमल लग्न होऊन दिग्रसला आली तेव्हा आपुलकीने त्यांच्या डावीकडे जाऊन बसली. शेवंताबाई विंचू दिसल्यासारख्या उठल्या. "तिकडे नोको बसू, पोरी. त्या बाजूनं माह्या डोयायचा भरोसा नाही."

मी तेव्हा एका जिनिंगमध्ये काट्यावर होतो. कापसाच्या गाड्या तोलायचे काम. शेवंताबाई त्याच जिनिंगमध्ये कापसातला पालाकचरा आणि किडका कापूस निवडायला येत. नवरा लवकर वारलेला, मूलबाळ नाही. जिनिंगच्या मागच्या चाळीत आमच्या शेजारीच त्यांची खोली होती आणि मध्ये सगळ्यांचे एकच अंगण.

त्यांना मिरगी होती. बोलता बोलता शब्द मध्येच तुटे. मग दोन्ही बुबुळे डावीकडे सरकू लागत. सावकाश नव्हे, झटक्याझटक्याने, कोणी दोरीने ओढावीत तशी. पापण्या फडफडत. मान डोळ्यांच्या मागोमाग वळे, आणि सगळे अंग ताठ होऊन त्या कोसळत. मला अंदाजाने बोलण्याची सवय नाही, म्हणून पाहिले तेवढेच लिहितो: दर वेळी डावीकडेच. उजवीकडे एकदाही नाही. डोळे सताड उघडे असत, पण त्यातून पाहणारे कोणी नसे. समोर बसलेल्या माणसाला मात्र ते पटणे कठीण. आपल्यावरच कोणी रोखून पाहते आहे असे वाटून अंगावर काटा येई. त्यामुळे त्या बोलताना एखादा शब्द आठवायला जरी थांबल्या, तरी आम्हा सगळ्यांचा श्वास अडके.

फिट आली की कोणीतरी ओरडे, "चप्पल हुंगवा!" आणि जो जवळ असेल तो आपली चप्पल त्यांच्या नाकाशी धरी. शेवंताबाई शुद्धीवर आल्या की तोंड पुसत म्हणत, "आज कोनाची होती वो? शेणातून आलेला दिसते." लोक हसत. त्यांना ते हसणे हवे असे. हसणारी माणसे कमी भितात, हे त्यांना माहीत होते.

भिंतीचे कारण त्यांनी कमलला पुढे कधीतरी सांगितले. त्यांच्या गावी लोक त्यांच्या फिटला देवी अंगात आली असे समजत. कोणाचे जनावर मेले, मूल आजारी पडले की यांच्याभोवती गोळा व्हायचे आणि फिटमध्ये डोळे जिकडे वळतील तिकडच्या माणसाने करणी केली असे ठरवायचे. अशीच एकदा डावीकडे बसलेल्या एका विधवेवर नजर गेली. तिला गावाने हाकलून दिले. "मी शुद्धीवर आली तवा थे बाई गावाच्या बाहेर पोचली होती," शेवंताबाई म्हणाल्या. "कोनं मले विचारलंच नाही." छप्पन्न साली भावाबरोबर त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, देव्हारा रिकामा केला आणि गाव सोडून दिग्रसला आल्या. म्हणत, "देवी असती तं एकाद्या खेपेले उजवीकडे पाह्यलं नसतं काय तिनं?" यवतमाळच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या आणि एकही दिवस चुकवायचा नाही म्हणून बजावले होते. गोळ्यांनी फिट्स कमी झाल्या, बंद झाल्या नाहीत.

चाळीत गंगूबाई म्हणून म्हशी पाळणाऱ्या बाई होत्या. त्यांचा आईवेगळा नातू, तान्हा, एकाएकी दूध घेईना. रोज वाळत चालला. त्याच दिवसांत अंगणात बायका पापड लाटत होत्या. शेवंताबाई पोळपाट परत द्यायला आल्या आणि उभ्या उभ्याच त्यांचा शब्द तुटला. डावीकडे कमल बसली होती.

आमचे पहिले मूल आठव्या महिन्यात पोटातच गेले होते, आणि ही गोष्ट चाळीत सर्वांना ठाऊक होती.

"पाह्यलं?" गंगूबाई लाटणे टाकून उठल्या. "पाह्यलं का कोनाकडे पाह्यलं इनं?"

दुसऱ्या दिवसापासून कमल दिसली की बाया लेकरांना पदराखाली घेऊ लागल्या. तिच्या घागरीला घागर लागू देईनात. गंगूबाईंचा मुलगा एका संध्याकाळी आमच्या दारात येऊन म्हणाला, "माह्या पोराले काही झालं, तं हिले जित्ती ठेवत नाही. सांगून ठेवतो." मी गंगूबाईंकडे गेलो. मी आजवर पाहिलेल्या सगळ्या फिट्स एकेक करून सांगितल्या. कधी डावीकडे खांब होता, कधी रिकामी बाज, कधी मी स्वतः. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. "बाबू, तुमचा काटा कापसाचा हाय. हे त्याच्यावर तोलत नाही." मी परत आलो. कमलने दाराला कडी लावली होती, आणि माझा आवाज ओळखूनही ती लगेच उघडेना.

चार-पाच दिवसांनी पाहतो तर शेवंताबाई अंगणाच्या मधोमध पोते टाकून बसलेल्या. भिंत नाही, काही नाही. डाव्या हाताला गंगूबाईंची म्हैस.

"हे काय, शेवंताबाई?"

"गोयी बंद केली मी, भाऊ."

कमल रडायलाच लागली. "मावशी, डॉक्टरांनी काय सांगितलं होतं?"

"गोयी घेतली तं डोये गप बसतीन. आता थ्यायले बोलू दे. लोकायले मी सांगून पाह्यलं, या भाऊनं सांगून पाह्यलं. कोनी आयकते काय?"

आम्ही हात जोडले. कमलने गोळी दुधात कालवून दिली, तर वास घेऊन पेला बाजूला ठेवला. "चपला हुंगून हुंगून नाक लय तयार झालं माह्यं, पोरी." मग आमच्या हाती वाट पाहणेच उरले. काट्यावर माझे लक्ष लागेना. जिनिंगच्या फाटकाकडून कोणी धावत आले की मी तोलणे टाकून उठे. चाळीत गंगूबाईंकडचे बाळ रडले तरी भीती आणि रडायचे थांबले तर त्याहून जास्त.

रविवारी सकाळी गंगूबाई म्हशीला सरकीची ढेप घालायला आल्या. शेवंताबाई त्यांना काही सांगत होत्या आणि मध्येच थांबल्या. बुबुळे झटके देत डावीकडे निघाली. सगळी चाळ दारात आली. डोळे जाऊन थांबले ते टोपले हातात घेतलेल्या गंगूबाईंवर.

गंगूबाईंचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी एक पाऊल मागे घेतले, मग दुसरे, मग टोपले टाकून त्या सरळ अंगणाच्या दुसऱ्या टोकाला गेल्या. डोळे त्यांच्यामागे गेले नाहीत. जिथे होते तिथेच, मागे उभ्या असलेल्या म्हशीवर फडफडत राहिले. म्हैस रवंथ करीत होती. चाळीतले एक म्हातारेबुवा हळूच म्हणाले, "आता काय म्हशीनं करनी केली म्हनता?" कोणीतरी हसले. गंगूबाई मात्र हसल्या नाहीत. धावत आल्या आणि शेवंताबाईंचे डोके मांडीवर घेतले.

पण फिट थांबली नाही. एक सरते तोच दुसरी. शेवंताबाई मध्ये शुद्धीवरच येईनात. आम्ही त्यांना बाजेवर घालून बसस्टँडवर नेले. यवतमाळच्या गाडीत गंगूबाईंनी त्यांचे डोके सोडले नाही; मुलगा पाय धरून बसला. बाळालाही दवाखान्यात दाखवायचे होते, पण त्याला घ्यायला हात कोणाचे मोकळे होते? कमलचेच. गंगूबाईंनी तिच्याकडे पाहिले, मान हलवली आणि आमच्या गाडीने वाटेतले दारव्हा सोडेपर्यंत ते मूल कमलच्या मांडीवर झोपलेसुद्धा.

बाळ दवाखान्यातून आठवड्याने बरे होऊन घरी गेले. शेवंताबाईंना जास्त दिवस लागले. पुढे त्या काही वर्षे जगल्या आणि अशाच एका फिटमध्ये गेल्या; पण मला त्या आठवतात त्या यवतमाळच्या दवाखान्यातल्या खाटेवरच्या. जीभ चावली गेली होती, बोलणे बोबडे झाले होते. त्या डोळे उघडून नीट पाहू लागल्या तशी कमलची इतक्या दिवसांची भीती रागाने बाहेर पडली.

"मावशी, मेल्या असत्या तुम्ही! माझ्यापायी मेल्या असत्या!"

"मंग लोकायनं काय म्हतलं असतं?" शेवंताबाई म्हणाल्या. "कमलनंच खाल्ली म्हनून. तुह्यावरच आलं असतं थे." त्यांनी तिचा हात शोधला. "म्हनून तं मेली नाही ना मी."