एक नंबरचा पाट

गेल्या वर्षी सासऱ्यांच्या पेणच्या कारखान्यातले, एक सोडून सगळे गणपती मी चुकीच्या पाटांवर बसवले. कारण काय, तर साडूवर जळत होतो.

सासऱ्यांचा कारखाना शाडूच्या मूर्तींचा. गिऱ्हाईक आषाढातच घरचा पाट आणून टाकतं आणि मूर्ती कशी हवी ते सांगतं. पाटाला मागून नंबर पडतो. चतुर्थीला गणपती त्याच पाटावरून घरी जातो. त्या अख्ख्या कारखान्यात एक नंबरचा पाट माझा. थोरल्या जावयाचा मान. रोह्याजवळ वरसे गावात आमच्या गल्लीत मला कुणी विचारत नाही, पण पेणला त्या पाटाशेजारून जाताना माझी चाल बदलते, असं बायको म्हणते.

लग्न नवीन होतं तेव्हा सासऱ्यांना मी फॉक्सप्रोत एक प्रोग्राम लिहून दिला होता. पाटाचा नंबर आणि मूर्तीचं वर्णन एवढ्याच चिठ्ठ्या तो छापायचा. कारागीर चिठ्ठीप्रमाणे मूर्ती करायचे आणि त्या नंबरच्या पाटावर टेकवायचे. तक्रार अशी कधी आली नाही. कॉलेजात कोबोल, नोकरीत फॉक्सप्रो, या कॉम्प्युटरच्या दोन भाषांवर रोह्याच्या एका कंपनीच्या स्टोअरमध्ये माझं सुखात चाललं होतं.

मग धाकट्या मेहुणीचं लग्न झालं आणि साडू आला. पुण्याचा. लोकं केस कापून येतात तसा हा दर वेळी नवी भाषा शिकून यायचा. जावा, मग पायथन, मग गो, मग रस्ट. सासूबाईंना त्यातलं एक अक्षर कळत नाही, पण पोह्याचे पापड वाढताना विचारायच्या, "आता कंची शिकताव?" तो सांगायचा आणि त्या असा चेहरा करायच्या की जणू नातू पहिला आला. माझ्या ताटात येणारे पापड कडेला मोडलेले असायचे. मी बघतो हे.

मे महिन्यात त्याने माझा प्रोग्राम पाहिला. काळा पडदा, पांढरी अक्षरं. म्हणाला, "दादा, हे अजून चालतंय? कमाल आहे हो!" त्यात खोच नव्हती, तेच लागलं. खोच असती तर मला परत मारता आली असती. मनापासून कौतुक करणाऱ्या माणसाचं करायचं काय? आजीच्या लुगड्याचं करतात तसं कौतुक केलं त्याने माझ्या प्रोग्रामचं.

दुसऱ्याच दिवसापासून मी पायथन शिकायला घेतली. रविवारी रोह्याहून पेणला जाताना गाडीत मोबाईलवर धडे बघायचे. यादीतल्या वस्तूंना नंबर कसे पडतात, हा धडा नेमका निडी स्टेशनात आला. तिथे नेटवर्क गेलं. मास्तर तोंड उघडून थिजले. नागोठण्याला परत बोलू लागले तेव्हा पुढचं काही चाललं होतं. म्हटलं, नंबर काय, एकापासूनच पडणार! मला येणाऱ्या दोन्ही भाषांत एकापासूनच पडतात. त्याच भरवशावर चिठ्ठ्यांचा प्रोग्राम मी पायथनमध्ये नव्याने लिहिला.

पायथनमध्ये शून्यापासून पडतात.

म्हणजे झालं असं, की एक नंबरच्या चिठ्ठीवर दोन नंबरची मूर्ती छापली, दोनवर तीनची, आणि अशी अख्खी रांग एकेक घर सरकली. शेवटच्या पाटाला चिठ्ठीच निघाली नाही. मी प्रिंटरला शिव्या घातल्या आणि ती हाताने लिहिली. तेवढी एक बरोबर.

नारळी पौर्णिमेनंतर खांब गावचे एक म्हातारे आपली मूर्ती बघायला आले. पाट तीन नंबरचा. त्यांच्या घरी उजव्या सोंडेचा बाप्पा, फार कडक, सोवळ्यातला. पाटावर होता डाव्या सोंडेचा.

"अवो, ह्यो आमचा नाय."

उजव्या सोंडेचा बसला होता शेजारी, दोन नंबरवर. दोन नंबर म्हणजे साडू, जो सकाळी अंडं खाल्ल्याशिवाय डोळे उघडत नाही. सासऱ्यांना वाटलं होतं, धाकट्यांचा काही नवस असेल. सासूबाईंनी माझ्याकडे वळून विचारलं, "जावय, त्यांच्या गळ्यात कडक बाप्पा मुद्दाम घातलाव काय?"

देवाशपथ सांगतो, मुद्दाम नव्हता. पण हे आपल्याला आधी सुचलं नाही, याची थोडी हळहळ वाटली.

शेवटी साडूलाच फोन लावावा लागला. त्याने प्रोग्राम मागवून घेतला आणि माझा चहा संपायच्या आत म्हणाला, "दादा, शून्य. होतं हो असं, माझंही व्हायचं." खोटं बोलत होता, मला बरं वाटावं म्हणून. इतका चांगला माणूस साडू म्हणून कुणाला मिळू नये.

मूर्ती पाटांवर नुसत्या टेकवलेल्या होत्या, हे नशीब. शेवटची मूर्ती उचलून दाराशी ठेवली आणि तिथून मागे येत प्रत्येक गणपती एकेक पाट पुढे सरकवला. मेहुणा, कारागीर आणि मी. प्रत्येक मूर्ती उचलताना ते "मोरया" जरा जास्तच जोरात म्हणत होते. खांबच्या म्हाताऱ्यांना त्यांचा बाप्पा मिळाला, साडूला त्याचा. संध्याकाळी सगळे पाट भरले. एक नंबरचा रिकामा. माझी मूर्ती कुठल्याच चिठ्ठीवर आली नव्हती, आणि शेवटच्या गिऱ्हाइकाची दोनदा झाली होती. उरलेली ती, दाराशी ठेवलेली, गुपचूप माझ्या पाटावर आली.

ते गिऱ्हाईक खाडीकडच्या गावातलं मुलांचं मंडळ होतं. त्यांनी होडीत बसलेला, हातात वल्हं घेतलेला गणपती मागितला होता.

चतुर्थीला वरशात आमच्याकडे तो होडीवाला बसला. शेजाऱ्यांनी विचारलं, तर मी सांगितलं, संकल्पना माझी. दुसऱ्या दिवशी सासरे दर्शनाला आले. त्यांनी हात जोडले, वल्ह्याकडे बराच वेळ बघितलं आणि मोदक घेता घेता म्हणाले, पुढल्या साली एक नंबर धाकट्यांना देऊ म्हणतो, तुमचा पाट शेवटाला ठेवू.

मी म्हटलं, "मामा, तसं नको. मी आता रस्ट शिकायला घेतोय."

सासऱ्यांनी मोदक खाली ठेवला.

"जावय, भाषा रग्गड झाल्या. आधी मोजाय शिका."