ओठाआडचे चार दाणे

ताई गेली त्या सकाळी मी यादी करायला बसले. कुणाला तार करायची, कुणाला चिठ्ठी, देवास गेटच्या बसस्टँडवर कोण कधी उतरेल... महिना झाला, सगळी कामं उरकली. आता हे लिहिते आहे, कारण माझ्या या थोरल्या बहिणीबद्दल चुकीचं बोललं गेलं होतं, आणि बोलणाऱ्यांत मीही होते.

राज्यांची पुनर्रचना झाली, मध्य भारत हे राज्य संपलं, तेव्हा भावोजींचं दफ्तर भोपाळला हललं. ताईही गेली. दोन वर्षांत भावोजी वारले. मी पोचले तेव्हा ती भिंतीशी कोरड्या डोळ्यांनी बसलेली. "पत्थर आहे ही," तिच्या सासूबाई आल्यागेल्याला सांगत होत्या. मी तिला आत नेऊन म्हणाले, "लोक बघताहेत, ताई. थोडं तरी रड."

"येत नाही गं. नुसतं जळतं."

मी वळले आणि तेराव्याच्या सामानाला लागले.

पुढे ती उज्जैनला माझ्याकडे आली, शाळेत शिकवू लागली. पाण्याशिवाय तिला पोळी गिळता येईना. निर्जला एकादशीच्या उपासालाही पाणी पिई. "मन घट्ट नाही तुझं," मी म्हणायची. "अगं, घट्टच आहे म्हणतात ना सगळे?" ती हसायची.

बऱ्याच वर्षांनी दात भराभर किडले, तेव्हा इंदूरच्या एका तरुण डॉक्टरांना शंका आली. त्यांनी तिच्या डोळ्यात कागदाची पट्टी ठेवली. ती भिजलीच नाही. मग खालचा ओठ बधिर करून आतून लाळेच्या छोट्या ग्रंथी काढल्या, बाजरीएवढे चार दाणे. तपासणीत दिसलं की शरीर आपल्याच लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथींवर उठलं होतं. "माताजी, आपके आँसू बनते ही नहीं थे," डॉक्टर म्हणाले. "बरसों से."

"लिखकर दीजिए," सुजलेल्या ओठांनी ताई म्हणाली.

बाहेर बाकावर तिने तो कागद माझ्या हातात दिला. सासूबाई तोवर राहिल्या नव्हत्या. मी म्हणाले, "आता कुणाला दाखवणार?"

"तुलाच तर दाखवायचा होता."

तेव्हा एकच वाक्य बोलायचं होतं. मी डॉक्टरांनी तिच्या डोळ्यांत घालायला दिलेल्या औषधाच्या थेंबांच्या वेळा टिपून घेतल्या आणि बस चुकेल म्हणाले... नंतर सगळी वर्षं ते थेंब मीच घातले, एकही वेळ चुकवली नाही. वाक्य मात्र राहून गेलं.

अजूनही ताटं घेताना तिच्या जागेशी पाण्याचा तांब्या ठेवला जातो. हात आधी जातो, मग आठवतं. मी तो उचलत नाही. जेवण होईपर्यंत तिथेच असू देते.