प्लॉट घ्यायला निघालेली स्टाफरूम

शाळेच्या स्टाफरूममध्ये किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपोआप साठतात. पूर्वी आमचे किस्से पोरांच्या उत्तरपत्रिकांवर चालायचे. गेली दोन वर्षं मात्र पोरं वाचली आहेत. निपाणीतल्या आमच्या स्टाफरूमला सध्या स्वतःवरच हसायला भरपूर आहे, कारण आम्ही चौघांनी रिअल इस्टेटमध्ये उतरायचं ठरवलं!

चौघं म्हणजे गणिताचे पाटील सर, मराठीच्या कुलकर्णी मॅडम, पीटीचे मगदूम सर आणि विज्ञान शिकवणारी मी, कांबळे मॅडम. त्या तिघांना श्रीमंत व्हायचं होतं. मला एकच प्लॉट हवा होता. माझ्या आईनं उभं आयुष्य दुसऱ्यांच्या शेतात भांगललं, तण खुरपलं आणि राहिली भाड्याच्या दोन खोल्यांत. आजही ती अंगणात पाय पसरून बसली की आमचे घरमालक खिडकीतून खाकरतात. तिला एकदा स्वतःच्या दारात पाय पसरून बसलेलं बघायचं, एवढंच माझं इन्व्हेस्टमेंट गोल.

* * *

गुरू सापडला तो मगदूम सरांच्या मोबाइलमध्ये. रोज सकाळी मैदानावर पोरांना पळायला लावून ते झाडाखाली व्हिडिओ बघायचे. एक दिवस धावतच स्टाफरूममध्ये आले. "सर, आपण चुकायलोय! मेंटॉर लागतोय, मेंटॉर! त्याच्याशिवाय प्लॉटच्या नादाला लागायचं न्हाय!"

मेंटॉरचं नाव विनोदअण्णा. बेळगावात एका हॉटेलच्या वरच्या हॉलमध्ये त्यांचं सेशन होतं. फी आधी, चहा नंतर. काळा कोट, कानाला लावलेला माइक, आणि पहिलाच प्रश्न, "तुमच्यातले पगारावर कितीजण जगतात?"

सगळ्या हॉलनं हात वर केले.

"म्हणजे सगळे गरीब!" अण्णा म्हणाले.

आणि आम्ही टाळ्या वाजवल्या! स्वतःचे पैसे भरून, जाऊन-येऊन दीडशे किलोमीटर प्रवास करून, आम्हाला गरीब म्हटल्याबद्दल आम्ही टाळ्या वाजवल्या.

कुलकर्णी मॅडमना शंका विचारायची सवय. त्या उठल्या. "अण्णा, आपले स्वतःचे प्लॉट किती आहेत?"

अण्णा हसले. "मॅडम, पोहायला शिकवणारा काठावरच उभा असतोय."

पाटील सरांनी हे वाक्य वहीत लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

* * *

पहिला गृहपाठ होता माइंडसेटचा. रोज सकाळी आरशासमोर उभं राहून एकवीस वेळा म्हणायचं, "मी जमीनदार आहे."

पाटील सर तिसऱ्या वेळेला पोचले तेवढ्यात आतून वहिनींचा आवाज आला, "जमीनदार, दळण न्यायला झालंय, तेवढं टाकून या आधी!"

माझी गत वेगळी. मी हळू आवाजातच म्हणत होते, तरी चुलीपुढं बसलेल्या आईनं ऐकलं. ती धसकून बाहेर आली. "कुनाचं नाव घ्यायलीस गं सकाळच्या पारी? जिमीनदार कशाला आलता दारात?"

तिला समजवायला मला अर्धा तास लागला. त्या दिवसापासून माझा माइंडसेट कच्चाच राहिला.

* * *

मग साइट व्हिजिट. अण्णा म्हणाले, "गोवा बॉर्डर! सेकंड होम! फॉरेस्ट टच!" एका रविवारी भर पावसात आम्हाला गाडीत कोंबून ते थेट कणकुंबीला घेऊन गेले.

तिथं झाडं, धुकं आणि पाऊस. प्लॉट कुठं सुरू होतो आणि कुठं संपतो, हे अण्णांनाही सांगता येईना. ते छत्रीच्या टोकानं हवेत दाखवत होते. "इथं क्लबहाउस. इथं स्विमिंग पूल."

"पूल कशाला?" कुलकर्णी मॅडम म्हणाल्या. त्या तेव्हा घोटाभर पाण्यातच उभ्या होत्या.

एवढ्यात मगदूम सर ओरडले. पँट वर केली तर पिंढरीला दोन टपोऱ्या जळवा! पीटीचा गडी, पण चेहरा पांढराफटक.

अण्णा शांतपणे जवळ गेले. "सर, घाबरू नका. निसर्ग तुम्हाला अ‍ॅक्सेप्ट करायलाय."

परतीच्या वाटेवर एक गुराखी भेटला. त्याला पाटील सरांनी सहज विचारलं, "ही जमीन कुणाची रं?" तो म्हणाला, "कुनाची न्हाय, रान हाय. सरकारचं." अण्णांनी गाडीतली गाणी मोठी केली.

* * *

पाटील सरांना मात्र घाई झाली होती. बेळगावजवळच्या एका प्लॉटचे कागद अण्णांनी त्यांना आणून दिले. "पेपर एकदम क्लिअर!"

कागद कन्नडमध्ये. बाजारात आम्ही सगळे फाडफाड कन्नड बोलतो, पण सरकारी कागदातलं वाचायची वेळ आली की चष्मा पुसत बसतो. पाटील सरांनी दहा मिनिटं कागद न्याहाळला, उजेडात धरला आणि निकाल दिला, "क्लिअर दिसतोय. शिक्का बघा किती ठळक उठलाय!"

आमच्या ऑफिसातले क्लार्क हिरेमठ चहा प्यायला आले होते. त्यांनी कागद हातात घेतला, वाचला, परत वाचला. "सर, ही कोर्टाची नोटीस हाय. भावाभावांचा वाटणीचा दावा चालू हाय, कुणीबी ही जमीन विकत घिऊ नये, असं लिवलंय."

पाटील सरांनी तिथूनच अण्णांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

अण्णा पलीकडून म्हणाले, "सर, तुम्ही मराठी लोक लगेच घाबरतासा. कन्नडात तसंच लिहायची पद्धत आहे!"

हिरेमठांनी कप ठेवला आणि तासाची घंटा द्यायला निघून गेले. घंटा द्यायचं काम त्यांचं नव्हतं.

* * *

हा किस्सा मी स्टाफरूममध्ये हसत सांगते. तेव्हा हसले नव्हते.

अण्णांनी मला निपाणीतल्याच एका प्लॉटमालकाचा नंबर दिला. मालक फोनवर साखरेसारखं बोलले. "या की मॅडम, उद्याच या. शिक्षक माणसं आमच्या लेआउटमध्ये हवीच आहेत. नाव काय म्हणालात? पूर्ण सांगा की, लिहून घेतो."

मी पूर्ण नाव सांगितलं. पलीकडं पेन टेबलावर ठेवल्याचा आवाज. मग, "अरेच्चा, विसरलोच की मी! तो प्लॉट कालच गेला."

फोन स्पीकरवर होता. कुलकर्णी मॅडम लालबुंद झाल्या. त्यांनी स्वतःच्या मोबाइलवरून तोच नंबर लावला, स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं. पाच मिनिटांत गेलेला प्लॉट परत आला! शिवाय त्याच्या शेजारचाही मोकळा निघाला.

मॅडमनी त्या माणसाला फोनवर जे ऐकवलं ते मराठीच्या कुठल्याच पाठ्यपुस्तकात नाही.

मी अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "पर्सनली घेऊ नका मॅडम. मार्केट आहे."

मला राग आला. फार आला. आईनं शेतं तुडवली, मी दोन डिग्र्या घेतल्या, आणि अजून तोच प्रश्न, पूर्ण नाव काय! अण्णांचा नाद तिथंच सोडायला हवा होता. पण वर्षाची फी भरलेली होती, आणि त्याच आठवड्यात घरमालकांनी दिवाळीपर्यंत खोल्या रिकाम्या करायला सांगितल्या. म्हणून मी तो सोडला नाही.

* * *

अण्णांनी मग माझ्यासाठी खास प्लॉट काढला. बोरगावच्या बाजूला, नदीकाठी. बोर्डावर लिहिलं होतं, 'रिव्हर टच'. मातीचे लाल रस्ते, चुन्याच्या पांढऱ्या रेघा, कडेला नारळाची रोपं. मी संचकाराची, म्हणजे आगाऊ द्यायची रक्कम पर्समध्ये घेऊन निघाले.

आई दारात चप्पल घालून उभी. "येवढं पैशे घिऊन एकटी निघालीस? मी बी येतो."

साइटवर पोचल्यावर आई अण्णांच्या गाडीतून उतरली, पदर खोचला आणि चारी बाजूंनी बघितलं. मग खाली वाकून मातीचं ढेकूळ उचललं, बोटांत चुरडलं.

"ही नदीच्या गाळाची मळी न्हवं का गं?" ती मला म्हणाली. "हितं ऊस भांगलायला आमी येत हुतो. नदी फुगली की पानी हितवर." तिनं हात गळ्याला लावला.

अण्णा पुढं झाले. "आक्का, ते जुन्या काळात. आता भर घातलीय, ड्रेनेज केलंय. आता टेक्नॉलॉजी आलीय!"

आईनं अगदी मनापासून विचारलं, "व्हय? मग पान्याला सांगितलंसा का?"

मी पर्सची चेन लावली. त्या पावसाळ्यात 'रिव्हर टच'चा बोर्ड तेवढा पाण्याच्या वर दिसत होता, त्यातही फक्त पहिली ओळ; खालचा फोन नंबर बुडाला होता.

* * *

झालं! स्टाफरूमचा मेंटॉर बदलला. पाटील सर शाळा सुटल्यावर आमच्या घरी. "मावशी, रविवारी मोकळ्या हायसा काय?" मगदूम सरांनी गाडीतली पुढची सीट आईसाठी राखून ठेवली. आईची फी म्हणजे एक चहा आणि खिडकी उघडी.

पाटील सरांनी माळावरचा एक प्लॉट जवळपास ठरवला होता. कोर्टाच्या नोटिसा नाहीत, हिरेमठांनी पंधरा दिवस कागद तपासून ओके दिलेला. आईनं गाडीत बसल्या बसल्याच मालकाचं नाव विचारलं आणि म्हणाली, "घिऊ नगासा. त्येला दोन घरं हुती. एक निपाणीत, एक बोरगावला. बोरगावच्या बाईला तीन ल्योक."

हिरेमठ चक्रावले. त्यांनी पुन्हा शोध घेतला तर खरंच, तिघांपैकी एकानं नुकताच वकील गाठला होता! ते वही-पेन घेऊनच आईसमोर बसले. "मावशी, हे तर कुठल्याच कागदात न्हवतं. तुमास्नी कसं कळलं?"

"कागद कशाला पायजे?" आई म्हणाली. "त्या दोनी घरांत म्या धुनं धुतलंय. एकाच गड्याची धोतरं दोनी दोरीवर, शेजारी पोरांची दुपटी, ती दिसत न्हाईत व्हय?"

विनोदअण्णांच्या कानावर हे गेलंच. एका संध्याकाळी त्यांचा मला फोन. "मॅडम, आक्कांना आपल्या टीममध्ये घेऊया. कन्सल्टंट! त्यांनी फक्त मला शिकवायचं. फिफ्टी-फिफ्टी."

मी फोनवर हात ठेवून आईला विचारलं. आई भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "शिकायचं आसंल तर खुरपं घिऊन ये म्हनावं. धा वर्सांत समदं कळतंय."

* * *

आता आमचा प्लॉट कसा झाला ते.

दिवाळीला महिना राहिला होता. निपाणीच्या बाहेर, माळाच्या कडेला एक नवीन लेआउट पडल्याचं हिरेमठांनी सांगितलं. कागद त्यांनी वाचले होते, स्वच्छ. मालक तरुण होता. वडील गेल्यावर त्यानं शेती बंद करून प्लॉट पाडले होते. हातात टॅब, बोलणं अदबीचं. माझं पूर्ण नाव त्यानं विचारलं, लिहून घेतलं, आणि पुढचा प्रश्न विचारला, "कर्ज काढणार की रोख?" मला तेवढ्यावरच त्याला मिठी मारावीशी वाटली.

तो आम्हाला विहिरीजवळचे प्लॉट दाखवू लागला. "हा प्राइम एरिया."

आई त्याच्यामागं गेलीच नाही. ती सरळ चालत सुटली. चुन्याच्या रेघा ओलांडत, शेताच्या पार दुसऱ्या टोकाला. तिथं एका उंचवट्यावर, कोपऱ्यातल्या प्लॉटमध्ये जाऊन उभी राहिली. मी धापा टाकत पोचले, मागून तो टॅबवाला.

"ह्योच घे," आई म्हणाली.

"आई, विहिरीपासून किती लांब आहे हे! इथं काय आहे?"

"हितं पावसाचं पानी थांबत न्हाय. दुपारी वारं येतंय, आन् तीनच्या पुढं सावली. पायाखाली मुरूम हाय, घर खचायचं न्हाय."

"तुला काय माहीत?"

"वीस वर्सं दुपारची भाकरी म्या हितंच खाल्लीया." आईनं विहिरीकडं बोट केलं. "बाकीच्या बायका तितं, हिरीच्या कडंला, झाडाखाली. आमास्नी ह्येंचा बा म्हनायचा, तुमी लांब बसा. आमी हितं बसायचो. पानी बी वरनं वतायचे."

एवढं बोलून तिनं पदर खाली घेतला, आणि त्या प्लॉटच्या मधोमध चक्क बसली. पाय पसरून.

मालकानं काय ऐकलं, काय नाही, कोण जाणे. त्याचं लक्ष टॅबमध्ये होतं. त्यानं बोटानं नकाशा मोठा केला आणि हसून म्हणाला, "आज्जी, नजर भारी हाय बघा तुमची! पर ह्यो कॉर्नर हाय न्हवं, हवेशीर. ह्येचा रेट जरा जास्त पडंल."

आईनं बसल्या जागेवरून त्याच्याकडं वर बघितलं.

"जास्त कशापायी रं बाळा? तुझा बा तर आमास्नी हितं फुकट बसवत हुता की!"