पत्र्यावरचे ओरखडे

आमच्या संग्रहालयाच्या आवारात चार जुनी लढाऊ विमानं गंजत उभी आहेत. साहेब त्याचं खापर रंगारीमामांवर फोडतात. म्हणे, म्हातारा कामचुकार आहे. काय डोंबल कळतं साहेबांना! मी दारावर तिकिटं फाडतो, मी सगळं पाहिलंय.

आम्ही दोघं नोकरीत नवे असताना तळ्यातून काढलेलं युद्धातलं एक विमान आलं. मामांनी महिनाभर पॉलिश पेपरनं घासघासून ते नवरीसारखं नटवलं. पहिल्याच दिवशी त्याच्या वैमानिकाची म्हातारी बहीण आली. बाई थेट पुढच्या काचेखाली गेल्या आणि पत्रा बोटांनी चाचपत राहिल्या.

"त्यानं इथं खिळ्यानं माझं नाव कोरलं होतं. पत्रात कळवलं होतं मला."

मामांचा चेहरा पांढराफटक पडला. ते ओरखडे त्यांनीच घासून सपाट केले होते.

बाईंनी डोळे पुसले. "म्हणजे हे त्याचं विमान नाही," त्या म्हणाल्या. "शोधते आता दुसरीकडे."

मामांनी त्यांना जाऊ दिलं. त्यानंतर त्यांनी एकाही विमानाला पॉलिश पेपर लावलेला नाही.