सतरा नंबरचा पेला

पाळणाघराच्या मॅडमनी मला फसवलं. माझ्याकडून दोन वर्षं पूर्ण फी घेतली आणि माझ्याच पोरीच्या नावावर सरकारचं अनुदानही उचललं.

सत्त्याण्णवच्या आसपासची गोष्ट. नवरा सोडून गेलेला. गारगोटीकडची भाजी आणून मी कोल्हापुरात विकायची. पाळणाघरात सवलतीचा अर्ज भरायला गेले. चार बायका बसलेल्या. मॅडमनी विचारलं, "महिन्याला किती मिळवतेस?"

मी आख्खा गल्ला सांगितला. धंदा कमी सांगायची मला लाज वाटते. मालाची खरेदी, टेम्पोभाडं, सडलेली मेथी, काहीच वजा केलं नाही. मॅडमनीही केलं नाही. हसल्या.

"अगं, तू तर माझ्यापेक्षा श्रीमंत! गरिबांच्या ताटातलं कशाला मागतेस?"

बायका फिदीफिदी हसल्या. रागाच्या भरात पूर्ण फी टेबलावर आपटली. पावती मात्र मागून घेतली. भरलेला अर्ज तिथंच राहिला.

पुढं दोन वर्षांनी एकदा आशी, माझी पोर, म्हणाली, "आई, मला बी स्टीलच्या पेल्यात दूध पायजे की."

फीवाल्यांच्या पोरांना स्टील. सवलतीच्या पोरांना जर्मनचे, म्हणजे ॲल्युमिनियमचे पेले, त्यावर रंगानं नंबर. तपासणीला साहेब आले की तेच मोजायचे. आशीचा नंबर सतरा. फी पूर्ण, पेला जर्मनचा. मॅडमना विचारलं.

"भाजीवालीच्या पोरीला पेल्याचं काय कळतंय?"

तिला नसेल. मला कळलं. नंबर उगाच पडत नाही. नंबर आहे म्हणजे कुठंतरी यादी आहे.

यादी जिल्ह्याच्या कचेरीत फलकावर होती. सगळ्यांसाठी लावलेली, कुणीच न वाचलेली. मी सातवी शिकलेली. बोट ठेवून वाचली. वर उत्पन्नाची मर्यादा. एका पोरामागं सरकार किती देतं, तेही. सतरावं नाव आशीचं. पुढं माझं उत्पन्न, खर्च वजा करून, अगदी चोख. खाली मॅडमची सही. मॅडम एम.ए. झालेल्या. वजाबाकी त्यांना येत होती, फक्त माझ्यासमोर येत नव्हती.

तशीच पाळणाघरात गेले. सगळ्या बायकांदेखत पेला उचलला आणि यादीतलं सतरावं नाव मोठ्यानं सांगितलं.

मॅडम कुजबुजल्या, "हळू बोल. पुढच्या महिन्यापासून निम्मी फी दे."

"मॅडम, मी हितं भाजी घ्याला आलेली न्हाय."

जन्मात पहिल्यांदा मी भाव केला नाही. पोरीला कडेवर घेतलं आणि बाहेर पडले.

पेला माझ्याकडं आहे. पावत्याही आहेत. यादीत मी गरीब, तुमच्या टेबलासमोर मी श्रीमंत. दोन्हीकडं सही तुमची. यातलं खरं कुठलं, ते तुम्हीच सांगायचं, मॅडम. त्या चार बायकांना बोलावून सांगायचं. आणि लेखी द्यायचं.