पोटुशींना चालवणारी सिस्टर

वजनकाट्यावर बाई उभी राहिली की सिस्टर आपला तळहात आकड्यावर आडवा धरायची. स्वतः वाकून बघायची, माझ्या कानात सांगायची आणि मी केसपेपरवर लिहायचे. बाकावरच्या सासवा माना लांब करायच्या. "तुमाला काय करायचंय? भाजी घ्यायला आल्या काय?" एवढं बोलून ती पुढच्या बाईला बोलवायची.

विरार पूर्वेला, चंदनसारच्या रस्त्यावर आमचं लहानसं प्रसूतिगृह होतं. नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. मी तिथे मदतनीस होते. सिस्टर अर्नाळ्याची, मासेमारी करणाऱ्या घरातली. स्वतः अंगाने चांगली भरलेली. दवाखान्याच्या बाकावर तुम्ही कधी तासन्‌तास बसला असाल, तर अशी एखादी पाहिलीही असेल. जिला सगळे घाबरतात आणि जिच्यावाचून कोणाचं चालत नाही.

डबाभर लाडू घेऊन आलेली सासू म्हणायची, "दोन जिवांचं खायला नको का?" सिस्टर अंगठ्याला बोट जुळवून दाखवायची. "दुसरा जीव अजून लिंबाएवढा हाय. त्याला ताटभर भात कशाला?" पण जाड सुनेला कोणी उपाशी ठेवतंय असं कळलं, तर तिचा आवाज आणखी चढायचा.

एकदा डॉक्टरांनी एका पहिलटकरणीला सगळ्यांसमोर सुनावलं. पाचवा महिना, वजन बरंच, साखरही वाढलेली. "तोंड आवरा, नाहीतर बाळाला धोका आहे." पोर मान खाली घालून गेली. पुढच्या खेपेला ती बाकावरच चक्कर येऊन पडली. पंधरा दिवस तिने दिवसाला एका भाकरीवर काढले होते.

तिला आत झोपवून सिस्टर केबिनमध्ये गेली. दार मुद्दाम उघडं ठेवलं.

"साखरेचं तुमी खरं बोल्लात, डॉक्टर. पन खायचं काय ते सांगितलं नाय. तिने सगळंच सोडलं."

"सिस्टर, आपली जागा ओळखा."

"ओळखते. म्हनून तर हितं उभी हाय."

डॉक्टरांनी कागद ओढला आणि लिहून दिलं: भाकरी, डाळ, पालेभाजी, अंडं, मासळी, थोडं थोडं, पण वेळेवर. गोड आणि तळलेलं बंद. रोज अर्धा तास चालणं.

"मला लाज वाटते चालायची. लोक बघतात," पोर म्हणाली.

त्या संध्याकाळपासून ड्यूटी संपली की सिस्टर तिच्या बिल्डिंगखाली हजर. "माझ्याशी बोलत चाल. बोलायला दम पुरेना, तर हळू व्हायचं. गरगरलं, पोटात दुखलं, तर तिथंच थांबायचं." आठवडाभरात आणखी दोघी पोटुश्या आल्या, मग मीही जाऊ लागले. नाक्यावर काही पुरुष आम्हाला बघून हसले. सिस्टर वळली. "तुमी पोटात असताना तुमच्या आयांनी शेतात भात लावला, तो काय पलंगावर बसून?" दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच नाक्यावरून गेलो. रस्ता बदलू या, असं मी सुचवलं होतं. ती माझ्याशी घरापर्यंत बोलली नाही.

पोरीची साखर आटोक्यात राहिली. दिवस भरले आणि मुलगी झाली, धडधाकट. बघायला आलेली नणंद म्हणाली, "एवढं चालून ही आहे तशीच जाड."

"बारीक व्हायला थोडीच चालत होती ती?" सिस्टर म्हणाली आणि बाळ नणंदेच्याच हातात दिलं.

पुढे नोकरी सोडून सिस्टर अर्नाळ्याला भावाकडे राहायला गेली. काही वर्षांनी मी भेटायला गेले. दारात तिची भावजय सुके बोंबील निवडत बसली होती.

"ती नाय घरात. शेजारच्या सुनेचे पाय सुजलेत, डोकं दुखतंय. ती तिला हास्पिटलात घेऊन गेली. आठव्या महिन्यात सुजतातच पाय, आमी सगळ्यांनी सांगितलं. ऐकते कोन?"

तिने बोंबलांची टोपली सरकवून मला ओटीवर जागा करून दिली. मी शेवटच्या एसटीपर्यंत थांबले. सिस्टर आली नाही. त्यानंतर आमची भेट झालीच नाही. निरोप मात्र आला, त्याच भावजयीकडून: त्या सुनेचा रक्तदाब फार चढला होता, वेळेवर नेलं म्हणून आई आणि बाळ दोघं वाचली.